तसं काही इथे दिसत नाही

काळा पडदा, आणि त्यावर लुकलुकणारी एक बारीक रेघ. घरातले सगळे झोपलेत. पंखा फिरतोय. खाली वॉचमनची काठी एकदा आपटते आणि पुन्हा शांत होतं. तुमची बोटं कीबोर्डवर टेकलेली आहेत. या खेळात चित्र नाही, संगीत नाही. नुसती अक्षरं उमटतात:

शनिवार, ३० जून १८६०. सकाळी सहाचा सुमार. तुम्ही रोड हिल हाउसच्या दिवाणखान्यात आहात. दार उघडं आहे. बागेकडच्या खिडकीची झडप उघडलेली आहे, तावदान खालून थोडं वर सरकवलेलं आहे. घरात अजून फारशी जाग नाही.

मग पुन्हा ती रेघ. ती तुमची वाट बघते. तुम्ही काही लिहिलंत तरच पुढचं जग उजाडणार.

याला टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर म्हणतात. संगणकावरच्या खेळांमधलं हे फार जुनं घराणं. १९७०च्या दशकाच्या मध्यात विल क्राउदर या प्रोग्रॅमरनं, ज्याला गुहांमध्ये उतरायचा नाद होता, केंटकीतल्या एका गुहेवर असा खेळ लिहिला. १९७७ मध्ये डॉन वुड्सनं तो वाढवला. पुढे १९८२ साली इन्फोकॉम कंपनीच्या मार्क ब्लँकनं ‘डेडलाइन’ काढला आणि गुहेतल्या खजिन्याची जागा बंगल्यातल्या खुनानं घेतली. तपासाला बारा तास. तुम्ही एका खोलीत रेंगाळलात तर दुसऱ्या खोलीतली माणसं तुमच्यासाठी खोळंबत नाहीत. फोन वाजायचा तेव्हा वाजतो, बोलणं व्हायचं तेव्हा होऊन जातं. १९८७ साली बॉब बेट्सनं शेरलॉक होम्सवर खेळ लिहिला. त्यात तुम्ही डॉक्टर वॉटसन होऊन व्हिक्टोरियन लंडनमधून हिंडता.

आज जो खेळ मी तुमच्यापुढे मांडतोय, तो कुठल्या दुकानात मिळणार नाही. तो मी मनात रचलाय. त्यातलं इंग्लंडमधलं घर मात्र खरं आहे, माणसं खरी आहेत आणि ज्याचा जीव गेला ते पोर खरं आहे. म्हणून खिडकीकडे वळण्याआधी एवढं करा, त्याचं नाव टाइप करा.

> सॅव्हिल कोण

फ्रान्सिस सॅव्हिल केंट. घरात सगळे सॅव्हिल म्हणतात. अजून चार वर्षं पूर्ण व्हायची आहेत. वडील सॅम्युएल केंट कारखाने खात्यात उपनिरीक्षक. गिरण्यांमध्ये कोवळ्या मुलांना कायद्याबाहेर राबवतात का, हे बघणं त्यांचं काम. आई त्यांची दुसरी बायको.

आता जिना चढा.

मराठीत खेळताना एक गोष्ट लगेच जाणवते. इंग्रजीत असल्या खेळाला आज्ञा देताना क्रियापद आधी येतं, वस्तू नंतर. आपल्याकडे वस्तू आधी. खिडकी तपास. गादी उचल. टोपली उघड. आधी नजर वस्तूवर ठरते आणि तिचं काय करायचं ते मागून येतं. तपासाचीही हीच शिस्त असावी असं मला मनापासून वाटतं. या घरात आलेल्या बहुतेकांनी नेमकं उलटं केलं. कुणाला पकडायचं ते त्यांनी आधी ठरवलं आणि मग वस्तू शोधत बसले.

> बाळाच्या खोलीत जा

पहिल्या मजल्यावरची खोली. समोरच आईवडिलांची खोली. इथे आया एलिझाबेथ गॉफ झोपते, वय २२. तिच्या पलंगाजवळ धाकट्या एव्हलिनचा पाळणा आणि थोड्या अंतरावर सॅव्हिलची लहान खाट.

> सॅव्हिलला बघ

तसं काही इथे दिसत नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा. टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर खेळणाऱ्याला ते पाठ असतं. तुम्ही ज्या वस्तूचं नाव घेतलंत ती या खोलीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कधी नाव चुकीचं लिहिलेलं असतं, कधी जागा चुकलेली असते. खेळणारा चरफडतो आणि दुसरं काही टाइप करतो. या घरात मात्र ते वाक्य आलं की चरफडू नका. या घरात तोच पुरावा आहे.

> खाट तपास

पांघरूण सारखं केलेलं आहे, कुणी काळजीनं घडी घालावी तसं. गादीवर आणि उशीवर लहान अंगाचा खळगा अजून आहे. चादर आणि वरची रजई यांच्यामध्ये असायचं ते ब्लँकेट नाही.

थांबा इथे जरा. मधलं ब्लँकेट काढून घेतलं आणि वरचं पांघरूण पुन्हा नीट केलं. घाईत आलेला चोर हे करत नाही. ज्याला या घरातली पांघरुणं ठाऊक आहेत, ज्याचा हात या खोलीत सवयीनं फिरतो, तोच हे करतो. गॉफला पाचच्या सुमाराला जाग आली तेव्हा खाट रिकामी दिसली होती. तिला वाटलं, आईनं नेलं असेल समोरच्या खोलीत. म्हणून ती पुन्हा झोपली. सव्वासातच्या सुमाराला तिनं मालकिणीचं दार वाजवलं. मालकीण आठ महिन्यांची गरोदर. मुलगा तिच्याकडे नव्हता.

पुढे काय घडतं ते मी लवकर सांगून टाकतो, कारण तिथे रेंगाळायची माझी इच्छा नाही. सॅम्युएल केंट बग्गी जोडून ट्रोब्रिजच्या पोलिसांना आणायला निघतो. गावातले दोघे, विल्यम नट आणि थॉमस बेंजर, बागेतली झाडी धुंडाळत एका जुन्या, न वापरल्या जाणाऱ्या संडासापाशी येतात. तिथे, बैठकीखालच्या आडव्या फळीवर, ब्लँकेटमध्ये मूल सापडतं. गळा चिरलेला. छातीवर वार. शेजारी फ्लॅनेलचा एक तुकडा, बायका थंडीत छातीशी घालतात तसा.

खिडकी उघडी होती म्हणून पहिल्यांदा सगळे बाहेर बघतात. गावात केंटबद्दल प्रेम नाहीच; कारखान्याच्या साहेबावर राग असलेले पुष्कळ. पण ब्लँकेट आठवा. उत्तर जिन्याच्या वरच आहे, याबद्दल तुमच्या मनात शंका राहू नये.

> घरात कोण कोण होतं

केंट नवराबायको आणि त्यांच्या खोलीत पाच वर्षांची मुलगी. बाळाच्या खोलीत गॉफ आणि दोन मुलं. वरच्या मजल्यावर पहिल्या बायकोची चार मुलं: मेरी अ‍ॅन आणि एलिझाबेथ या दोघी मोठ्या एका खोलीत, कॉन्स्टन्स वय १६ स्वतःच्या खोलीत, विल्यम वय १४ स्वतःच्या खोलीत. मोलकरीण सॅरा कॉक्स आणि स्वयंपाकीण सॅरा कर्स्लेक एका खोलीत.

बारा माणसं. त्यातली एकटी झोपणारी फक्त दोन.

ही मजल्यांची वाटणीही नीट बघा. पहिलीची मुलं वर, नोकरांच्या मजल्यावर. दुसरीची खाली, आईवडिलांजवळ. आणि ही दुसरी म्हणजे याच कुटुंबात आधी मुलांना शिकवायला आलेली गव्हर्नेस. पहिली बायको १८५२ मध्ये गेली; तिला वेडी ठरवून बाजूला सारलेलं होतं आणि घर गव्हर्नेस चालवत होती. १८५३ मध्ये केंटनं तिच्याशी लग्न केलं. सावत्रपणाचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. कॉन्स्टन्स आणि विल्यम १८५६ मध्ये घरातून पळून गेले होते. ती तेव्हा बारा वर्षांची. तिनं भावाचे कपडे घातले, केस स्वतःच कापले आणि कापलेले केस टाकले ते बागेतल्या त्याच संडासात.

> स्वयंपाकघरात जा

शनिवारची रात्र. टेबलाशी दोन शिपाई बसलेले आहेत. त्यांनी बाहेर जायचा प्रयत्न केला आणि दार उघडलं नाही. घरमालकानं बाहेरून कडी लावली आहे.

मी हे रचलेलं नाही. रात्री कुणी पुरावा जाळायला उठलं तर कळावं म्हणून शिपाई घरात ठेवले होते. केंटनं त्यांना स्वयंपाकघरात बसवलं आणि कडी घातली. ज्या घरात खून झाला, त्या घरात पहिल्याच रात्री पोलीस कोंडले गेले आणि बाकीचं घर मोकळं राहिलं.

> बंबाची चूल तपास

मोरीतल्या बंबाखाली, भोकात खुपसलेली एक शमीज, बायका आतून घालतात ती. तिच्यावर रक्त आहे.

ती वस्तू खरोखरच पहिल्या दिवशी पोलिसांना सापडली होती. सुपरिंटेंडेंट जॉन फोली यांनी ते रक्त बायकांच्या महिन्याचं असेल असं ठरवलं, आणि असल्या गोष्टीची वाच्यता करायची त्यांना लाज वाटली. शमीज परत तिथेच ठेवली गेली, मग नाहीशी झाली. पोलिसांनी ती सापडल्याचंच लपवलं. लंडनहून आलेल्या तपास अधिकाऱ्यालाही सांगितलं नाही. ते बाहेर आलं नोव्हेंबरमध्ये, तोवर सगळी राख थंड झालेली होती. कदाचित फोलींचा अंदाज बरोबरही असेल. पण सोळा आणि त्याहून मोठ्या मुली असलेल्या घरात ती शमीज कुणाची, एवढं एक विचारायला कुणाची जीभ रेटली नाही, याचा मला आजही संताप येतो. एक मूल मेलं होतं, आणि मोठी माणसं संकोचत बसली होती.

> शमीज तपासायला पाठव

१८६० मध्ये हे करता येत नाही.

‘डेडलाइन’मध्ये तुमच्या दिमतीला एक सार्जंट असतो, वस्तू त्याच्या हातात दिली की प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन येतो. इथे तशी सोय नाही. रक्त माणसाचं की कोंबडीचं, हे सांगणारी चाचणी १९०१ मध्ये जर्मनीत निघाली. बोटांचे ठसेही नाहीत. त्यांची सुरुवात मात्र तेव्हा आपल्याकडे झालेली होती: १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा उमटवून घेतला होता. कोलकात्यात ठशांचं कार्यालय निघालं १८९७ मध्ये, स्कॉटलंड यार्डात १९०१ मध्ये. रोड गावातल्या त्या खिडकीच्या चौकटीवर कुणाची बोटं उमटली होती, ते वाचायची विद्या तेव्हा गंगेच्या काठी नुकती अक्षरं गिरवत होती.

म्हणजे तुमच्या हातात उरतं काय? कापड. ब्लँकेट, फ्लॅनेल, शमीज. आणि धुणं.

> थांब

वेळ जातो. सोमवार, २ जुलै.

> अडगळीच्या खोलीत जा

सॅरा कॉक्स परटिणीकडे जायचे कपडे टोपल्यांमध्ये भरते आहे. घरच्या वहीत प्रत्येक कपड्याची नोंद आहे. कॉन्स्टन्स दाराशी येते.

आता काही टाइप करू नका. नुसतं बघा. हा या खेळातला सगळ्यात मोलाचा मिनिट आहे आणि बघायला इथे तेव्हा कुणीच नव्हतं.

कॉन्स्टन्स विचारते, माझ्या परकराच्या खिशात पैशांची पिशवी राहिली आहे का बघशील? कॉक्स टोपलीतून परकर काढून बघते. पिशवी नाही. मग कॉन्स्टन्स म्हणते, मला खालून एक पेला पाणी आणून दे. मालकाच्या मुलीनं पाणी मागितलं की मोलकरीण जाते. कॉक्स जिना उतरते. कॉन्स्टन्स जिन्याच्या डोक्याशी उभी राहते. कॉक्स पेला घेऊन परत येते, मिनिटभरात. मुलगी होती तिथेच आहे.

टोपल्या परटिणीकडे जातात. परटिणीचं नाव मिसेस हॉली. ती कपडे वहीशी ताडून बघते आणि घरी निरोप धाडते: मिस कॉन्स्टन्सचा रात्रीचा एक झगा वहीत आहे, टोपलीत नाही.

घर म्हणतं, परटिणीनं हरवला. आणि त्यावर सगळ्यांचा विश्वास बसतो, कारण असं कुठलं घर आहे जिथे परटिणीकडे कपडे हरवत नाहीत?

आता मी तुम्हाला दुसरं अंग देतो. जुलैचा मध्य. स्थानिक पोलीस हरलेत, वर्तमानपत्रं ओरडताहेत आणि गृहखात्यानं लंडनहून माणूस पाठवलाय. तुम्ही डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टर जोनाथन व्हिचर आहात. वय ४५. कॅम्बरवेलच्या एका माळ्याचा मुलगा. १८४२ साली लंडनच्या पोलिसांनी पहिलं गुप्त तपासाचं पथक उभारलं, त्यात आठ माणसं होती. तुम्ही त्या पहिल्या पिढीतले. चार्ल्स डिकन्सनं तुमच्यावर लिहिलंय, नाव किंचित बदलून. चेहऱ्यावर देवीचे व्रण. बोलणं कमी. तुम्ही पोचता तेव्हा खुनाला दोन आठवडे झालेत, मुलाला पुरलेलं आहे, घर धुऊनपुसून झालेलं आहे आणि शमीजबद्दल तुम्हाला कुणी सांगत नाही.

> कॉन्स्टन्सच्या खोलीत जा

नीटनेटकी लहान खोली. कपड्यांचं कपाट. तिच्या कपड्यांची यादी: त्यात रात्रीचे झगे तीन.

> झगे मोज

एक. दोन.

> तिसरा झगा बघ

तसं काही इथे दिसत नाही.

दोनशेजण या घरातून येऊन गेले असतील. प्रत्येकजण रक्त शोधत होता. रक्ताचा डाग असलेला कपडा, रक्ताचा सुरा. व्हिचर मोजत बसला. आणि न सापडलेल्या कपड्यापाशी थांबला.

त्याचा कयास असा. खुनाच्या रात्री मुलीच्या अंगावर जो झगा होता तो डागाळला, तो तिनं नष्ट केला. मग हिशोब जुळायचा कसा? आठवड्याच्या धुण्यात तिनं दुसरा, निर्दोष झगा टाकला. कॉक्सनं तो हातानं टोपलीत ठेवला, वहीत नोंद झाली, म्हणजे साक्षीदार तयार झाला. मग पाण्याच्या पेल्याचा तो मिनिट. निर्दोष झगा तिनं टोपलीतून परत उचलला. आता एक झगा कमी पडेल, पण तो परटिणीकडे कमी पडेल. दोष गरीब बाईच्या अंगावर जाईल आणि प्रकरण मिटेल.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ पुस्तक मांडीवर तसंच ठेवून बसलो होतो. सोळा वर्षांच्या मुलीच्या डोक्यातलं ते गणित, आणि चार धाग्यांवरून ते उलगडणारा तो माणूस. दोघांनाही माणसांचा एकच नियम ठाऊक होता: संशय नेहमी खालच्या पायरीवर जातो. तिनं तो वापरला. त्यानं तो ओळखला. तोही खालच्या पायरीवरूनच वर आलेला होता.

> मिसेस हॉलीला झग्याबद्दल विचार

ती सांगते, झगा टोपलीत नव्हताच.

तिचं घर आधीच धुंडाळून झालेलं आहे. तिच्यावर विश्वास ठेवणारा पहिला अधिकारी तुम्ही आहात.

> कॉन्स्टन्सला अटक कर

इथे हात आखडता घ्या. ‘डेडलाइन’ खेळलेल्यांना हा धडा चांगलाच मिळालेला असतो: नाव बरोबर असून भागत नाही. पुरावा अपुरा असताना अटक केलीत तर आरोपी सुटतो, खेळ संपतो, आणि तुम्ही बरोबर होतात हे फक्त तुम्हाला माहीत राहतं. पण व्हिचरला मागे जाऊन पुन्हा खेळायची सोय नव्हती. २० जुलैला त्यानं अटक केली. एका आठवड्याची मुदत मिळाली, त्यात झगा सापडायला हवा होता. म्हणजे जी वस्तू नाही हाच त्याचा पुरावा, तीच हजर करून दाखवायची होती.

२७ जुलै. गावातलं टेम्परन्स हॉल खच्चून भरलंय. काळ्या पोशाखातली मुलगी. तिचे वकील पीटर एडलिन उभे राहतात आणि बघता बघता आरोपीच्या जागी तुम्ही जाता. एका सभ्य घरातल्या मुलीचे रात्रीचे कपडे मोजणारा पोलीस! शाळेतल्या मैत्रिणींना गाठून घरातल्या गोष्टी विचारणारा! एका हरवलेल्या झग्यावरून, जो परटिणीकडे गहाळ झाला हे शेंबडं पोरही सांगेल! मॅजिस्ट्रेट तिला जामिनावर सोडतात. सभागृहात आनंदाचा गजर होतो.

> बोल

तुमचं कुणी ऐकत नाही.

डिकन्ससारख्या माणसाचंही मत विरुद्ध गेलं. त्याला वाटत होतं, बाप आणि आया यांच्यातलं काही असणार, मुलानं ते बघितलं असणार. गॉफला पुन्हा पकडलं, पुन्हा सोडलं. व्हिचर लंडनला परतला, त्याची उमेद खचली, १८६४ मध्ये तब्येतीच्या कारणानं तो निवृत्त झाला.

तो झगा मात्र इंग्रजी वाङ्मयात जाऊन बसला. १८६८ साली विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ आली. टिपू पडला त्या १७९९च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीतून इंग्लंडात गेलेला हिरा, आणि त्या हिऱ्याचा माग लागतो तो एका डागाळलेल्या, नाहीशा झालेल्या रात्रीच्या झग्यावरून. कॉलिन्सनं रक्ताच्या जागी दाराचा ओला रंग आणला, मुलाच्या जागी हिरा आणला. वाचकांना ते सोसवणार होतं. पुढच्या सगळ्या बंगल्यांमधल्या खुनांचे, होम्सचे, आणि संगणकावरच्या ‘अमक्याला तमक्याबद्दल विचार’ या आज्ञेचेही धागे मागे नेलेत तर धुण्याच्या त्या वहीतल्या एका ओळीपर्यंत येतात, असं मी मानतो.

> थांब

वेळ जातो. २५ एप्रिल १८६५. लंडन, बो स्ट्रीटचं न्यायालय.

काळ्या कपड्यांतली एक तरुण बाई आत येते. ती आता २१ वर्षांची आहे. मधली काही वर्षं परदेशात आणि मग ब्रायटनच्या एका धर्मसंस्थेत राहिली. तिथले पाद्री आर्थर वॅगनर तिच्याबरोबर आहेत. ती सांगते, सॅव्हिलला मी मारलं, एकटीनं.

तिनं नंतर डॉक्टरांना तपशील दिला. वडिलांच्या कपाटातून वस्तरा घेतला. संडासात मेणबत्ती आणि काड्या आधीच नेऊन ठेवल्या. झग्यावरचे डाग धुतले, वाटलं गेले. मग उजेडात धरून बघितला तर डाग दिसत होते. काही दिवस तो इथून तिथे लपवला, शेवटी स्वतःच्या खोलीत जाळला आणि राख स्वयंपाकघराच्या चुलीत टाकली.

राख. घरातल्या हजार वस्तूंमध्ये व्हिचरला दिसलेली एकमेव गोष्ट, आणि ती चुलीत गेलेली होती.

सॉल्सबरीला तिला फाशीची शिक्षा सुनावताना न्यायाधीशांचे डोळे भरून आले. शिक्षा जन्मठेपेवर आली. वीस वर्षं तुरुंगात काढून ती १८८५ मध्ये सुटली आणि ऑस्ट्रेलियात गेली. नाव बदलून रूथ केय झाली, परिचारिका झाली, आजाऱ्यांची सेवा केली आणि १९४४ साली, वयाची शंभरी पूर्ण करून सिडनीत वारली. भाऊ विल्यम तिच्याआधी तिकडे गेलेला होता. तो समुद्रजीवांचा मोठा अभ्यासक झाला. ग्रेट बॅरियर रीफवरचं त्याचं १८९३चं पुस्तक त्यातल्या छायाचित्रांसाठी आजही नावाजलं जातं.

> विल्यमला त्या रात्रीबद्दल विचार

उत्तर नाही.

वरच्या मजल्यावर एकटी झोपणारी दोघं होती, हे तुम्हाला आठवत असेल. व्हिचरला दोघांचाही संशय होता. मलाही वाटतं, झोपलेलं मूल उचलून, पांघरूण सारखं करून, खिडकी वर सरकवून, अंधारात बाग ओलांडणं हे दोन हातांचं काम नसावं. बहिणीनं ‘एकटीनं’ हा शब्द जपून उच्चारला आणि त्याच्या आड भावाचं सगळं आयुष्य उभं राहिलं, अशी शक्यता २००८ मध्ये केट समरस्केल यांनी व्हिचरवरच्या पुस्तकात मांडली आहे. ती खोडून काढावी असं काही मला सापडलेलं नाही.

तुमच्याकडे अजून एक आज्ञा आहे. खेळ सुटला की गुण दिसतात आणि लोक संगणक बंद करतात. तुम्ही करू नका.

> सॅव्हिल कुठे आहे

ईस्ट कूलस्टनचं चर्च. शुक्रवार, ६ जुलै १८६०ची सकाळ. कबरीपाशी वडील उभे आहेत आणि त्यांच्या शेजारी विल्यम. लहान पेटी खाली उतरते. बाजूला आधीची एक कबर आहे: केंटची पहिली बायको, कॉन्स्टन्सची आई. मूल तिच्याजवळ ठेवलं जातं.

रेघ लुकलुकते आहे. पंखा फिरतोय.

> थांब

वेळ जातो.